न विणलेली टोपी

दुपारच्या जेवणानंतर दूरचित्रवाणीवर एक जुना कृष्णधवल रहस्यपट लागला होता. गुप्तहेराने तिघांना लोळवले, जिन्यावरून तो दोनदा गडगडला, तरी त्याची फेल्ट हॅट डोक्यावरून तसूभरही हलली नाही. कथानक केव्हाच निसटले. मी मात्र शेवटपर्यंत त्या हॅटकडेच पाहत राहिलो. अशा डोक्याला चिकटलेल्या हॅटांवर माझा जुना राग आहे, कारण खरी हॅट वाऱ्याला भिते, पावसाला भिते आणि सर्वांत जास्त भिते ती लहान मुलांच्या हातांना.

आमच्या घरी ती कपाटावरच्या गोल खोक्यात असे. आजोबांची राखाडी फेल्ट हॅट. तिच्या आतल्या चामडी पट्टीवरील पुसट सोनेरी अक्षरांतून ‘इटली’ एवढेच वाचता येई. दिवाळीच्या आधी आजोबा ती खाली काढत, मऊ ब्रशाने लवेच्या दिशेने झटकत आणि मग स्वयंपाकघरात येऊन चहाच्या आधणाच्या वाफेवर धरत. वाफ लागली की ताठरपणा सैल पडे आणि माथ्यावरची खाच व पुढचे दोन चिमटे ते बोटांनी पुन्हा बसवत. तोवर आजीचा चहा खोळंबलेला असे. आम्हां मुलांना फक्त खोके धरण्याचा अधिकार होता. ती पलंगावर मात्र कोणी ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. इटलीतही पलंगावर टोपी ठेवणे अशुभ मानतात, हे पुष्कळ वर्षांनी वाचले. मरणाऱ्याच्या उशाशी आलेला पाद्री आपली टोपी अंथरुणावर ठेवीत असे, असे त्याचे कारण सांगतात. आजोबांचे कारण बहुधा आमचे बसणे हे असावे.

ही हॅट विणलेली नसते, हे त्यांचे म्हणणे मला कितीतरी दिवस पटले नव्हते. तिच्यात उभा धागा नाही, आडवा नाही, शिवणही नाही. सशाचे किंवा रानसशाचे केस फुंकून साफ करतात आणि छिद्रे असलेल्या फिरत्या शंकूवर हवेच्या ओढीने त्यांचा पातळ थर बसवतात. मग गरम पाणी आणि दाब मिळाला की केसांवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. सुरुवातीचा शंकू डोक्याच्या मानाने कितीतरी मोठा असतो; तो आटवत, आवळत मापाला आणतात, मग रंगवतात, साच्यावर चढवतात, बारीक काचकागदाने घासून मऊ करतात. बोर्सालिनो या इटालियन कंपनीच्या एका हॅटला पन्नासहून अधिक टप्पे आणि सुमारे सात आठवडे लागतात. पूर्वी हे केस लवकर गुंतावेत म्हणून त्यांना पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण लावीत, आणि त्या वाफांनी युरोपभरच्या टोपीकारांचे हात थरथरू लागत, बुद्धी भ्रमिष्ट होई. जुन्या कारागिरीसाठी हळहळणारे आम्ही लोक हा भाग सहसा गाळतो.

जुझेप्पे बोर्सालिनो हा वायव्य इटलीतल्या पिएमोंत प्रांताचा मुलगा पॅरिसमध्ये काम शिकून परतला आणि १८५७ मध्ये त्याने अलेस्सांद्रिया गावात कारखाना काढला. १९०० मध्ये तो वारला. मुलगा तेरेझियो याच्या काळात, पहिल्या महायुद्धाच्या आधी, वर्षाला वीस लाखांच्या आसपास हॅटा तेथून बाहेर पडू लागल्या. कामावर बहुसंख्य बायका होत्या आणि गावात त्यांना ‘बोर्सालिने’ म्हणत. मालकाचे नाव कामगार बायकांनाही लागावे, हा मान की मालकी, हे मला ठरवता येत नाही. शेजारी बिएल्लाच्या डोंगरात, तिकडे मोंझा शहरात, तोस्कानामधील मोंतेवार्कीत असाच धंदा भरभराटला होता. मग दुसऱ्या महायुद्धानंतर पुरुषांनी डोकी उघडी टाकली. मोटारींची छपरे बुटकी झाली आणि हॅट घालून आत बसणे अवघड झाले, असेही कारण सांगतात. मोंझातले कारखाने जवळजवळ सगळे गेले. बोर्सालिनोचे काम १९८० च्या दशकात गावाबाहेर स्पिनेत्ता मारेंगोला हलले. १८०० मध्ये नेपोलियनने लढाई जिंकली ते मारेंगो हेच. टोपीवरून ओळखला जाणारा तो माणूस आणि टोप्यांचा हा कारखाना एकाच मातीत यावेत, हा योगायोग मला उगाचच आवडतो.

डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीचे दिवाळे जाहीर झाले, पुढच्या वर्षी नव्या मालकाने ती घेतली. शंभर वर्षांहून जुनी यंत्रे अजून चालतात. पण केसांचा थर नीट बसला की नाही हे तळहाताने ओळखणारी माणसे निवृत्त होत आहेत, आणि ते ज्ञान यंत्रासारखे विकत घेता येत नाही. फॅशनवाल्यांचा भरवसा एका हंगामापुरता. पक्के गिऱ्हाईक म्हणजे ब्रुकलिन आणि जेरुसलेमचे सनातनी ज्यू, ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी मुलगा तेरा वर्षांचा झाला की पहिली काळी फेल्ट हॅट घेतली जाते. ती चांगली महाग असते, आणि मुलाचे डोके तर अजून वाढायचे असते. मापाची घ्यावी की वाढत्या अंगाची, हा वाद त्या घरांतही होत असणारच.