कानावर न पडलेले काम

“पगाराची तक्रार नाही, मॅडम. पण चिडलेल्या ग्राहकाला वरिष्ठ कसे शांत करतात, हे मी कधी ऐकलेच नाही. मला फक्त ‘विषय मिटला’ एवढा मेसेज यायचा.” घरून काम करणाऱ्या आणि आता राजीनामा दिलेल्या एका तरुण सहकाऱ्याने आज व्हिडिओ कॉलवर हे सांगितले आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कार्यालयात शेजारी बसणारा नवखा माणूस अर्धे काम कानांनीच शिकतो. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचे, आश्वासन किती द्यायचे, हे त्याला कोणी वेगळे शिकवत नाही. घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला येते ती कामांची यादी आणि तो ऑनलाइन आहे की नाही यावरची नजर. त्या नजरेमुळे कोणी टिकत नाही.

म्हणून सगळ्यांना रोज कार्यालयात बोलावावे, हे मात्र मला पटत नाही. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळालेल्यांमध्ये राजीनामे सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि कामगिरी खालावली नाही.

अवघड कॉलवर नवख्याला माइक बंद ठेवून ऐकू द्यावे आणि नंतर दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे, एवढे तर उद्यापासूनही करता येईल. तुमच्याकडची नवखी मुले हे कोणाकडून शिकतात?