शाळेच्या सकाळचा नाश्ता: ज्वारीचं काम कुठवर आलं

मंडळी, या खेपेला सगळं लक्ष एकाच प्रश्नावर होतं. मुलांच्या ज्वारीच्या नाश्त्याची तयारी करताना आदल्या रात्री हात कुठे थांबवायचा? तयारी जितकी जास्त उरकून ठेवावी तितकी सकाळ सोपी, असं वाटतं खरं, पण ज्वारीला ते लागू पडत नाही. जे आंबवायचं तेच रात्री भिजवायचं, बाकी सगळं कोरडं ठेवायचं. या एका नियमावर आता गाडी रुळावर आली आहे.

ज्वारीची इडली. प्रमाण पक्कं झालं: ज्वारीचा रवा २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, जाडे पोहे मूठभर, मेथी अर्धा चमचा. रवा इडली रव्याइतका जाड हवा. तो दोन पाण्यांनी धुवा, वर तरंगणारा कोंडा ओतून द्या आणि पाच तास भिजवा. डाळ आणि मेथी एकत्र चार तास पुरतात. पोहे वाटायच्या आधी दहा मिनिटं भिजले की झालं. डाळ वाटून झाली का हे बघायला पिठाचा थेंब पाण्यात टाकायचा. तरंगला तर झाली, बुडाला तर अजून फिरवायची. मग रवा घट्ट पिळून हातानेच मिसळायचा.

डाळ वाचवायला जाल तर इडली दगड होते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे आंबताना तयार होणारी हवा धरून ठेवायचं काम एकट्या उडदाच्या चिकटपणावर असतं. ३ ला १ प्रमाणात पीठ फुगलेलं दिसतं, पण वाफेवर बसतं.

खरी अडचण सोलापूरच्या उन्हाळ्याची. सकाळची शाळा सुरू होते तेव्हाच पारा चढलेला असतो. रात्री नऊला झाकून ठेवलेलं पीठ मध्यरात्रीनंतर पूर्ण फुगतं, आणि सहापर्यंत खाली बसून आंबट ढोण होतं. मुलं पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात ती यामुळेच. म्हणून मार्चपासून वेळापत्रक उलटं करा. संध्याकाळी पाचच्या सुमारास फ्रीजमधलं गार पाणी घालून वाटा आणि मीठ तेव्हाच घाला, कारण मिठाने आंबण्याचा वेग थोडा कमी होतो. साडेदहा-अकराला पीठ वर आलं की न ढवळता फ्रीजमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत मात्र बारा-चौदा तास लागतात. तेव्हा मीठ सकाळी घाला आणि भांडं जाड कापडात गुंडाळून स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा. भांडं कधीही निम्म्याहून जास्त भरू नका.

सकाळी गार पीठ सरळ साच्यात घाला, फक्त वाफ दोन-तीन मिनिटं वाढवा: एकूण पंधरा. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबलात तर इडली चिकटत नाही. ही इडली गरमच खायची. गार झाली की ज्वारीतला स्टार्च घट्ट होतो, म्हणून डब्यात नुसती देऊ नये. उरलेलीवर पाण्याचा हबका मारून तीन मिनिटं वाफवली की परत मऊ होते.

धपाटे. इथे लोक रात्रीच कणीक मळून ठेवतात आणि सकाळी पीठ पातळ का झालं म्हणून विचारतात. कांदा, मेथी आणि मीठ एकत्र आले की भाजीचं पाणी सुटतं, मग वरून पीठ लावत बसावं लागतं आणि चव मरते. त्याऐवजी बरणीत कोरडं मिश्रण करा: ज्वारीचं पीठ ४ वाट्या, बेसन १ वाटी, गव्हाचं पीठ १ वाटी, तीळ २ मोठे चमचे, ओवा आणि जिरं १-१ चमचा, हळद १ चमचा, तिखट मुलांच्या बेताने. रात्री मेथी निवडून, धुऊन, कापडावर कोरडी करून डब्यात ठेवायची. कांदा, मीठ आणि कोमट पाणी सकाळीच.

बरणी भरून महिनाभराची सोय करावी असं वाटेल, पण करू नका. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, धपाटा थापताना कडा फाटतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांचंच मिश्रण करा. विरी थोडी गेली असेल तर पाव पिठाची उकड काढून मिसळा, काम भागतं. दळायला शक्यतो रब्बीची शाळू घ्या. आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण किंवा मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर सोनंच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

धपाटे डब्यात द्यायचे तर आधी जाळीवर निववा. गरम भरले की वाफेने खालचा धपाटा ओला होतो.

शेंगाचटणी. कडक भाकरी, दही आणि ही चटणी, म्हणजे गॅस न पेटवता नाश्ता. छोट्यांना भाकरी दह्यात दहा मिनिटं भिजवून कालवून द्यावी. शेंगदाणे २ वाट्या मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करा. लसूण १०-१२ पाकळ्या, जिरं १ चमचा, तिखट २ चमचे, मीठ. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटली तर उत्तमच. मिक्सरला थांबत-थांबत फिरवा. दाणे कोमट असतील तर चटणीऐवजी लगदा मिळतो. लसूण धुवायचा नाही, पाण्याचा अंश राहिला की चटणी लवकर वास धरते.

सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता; यात ज्वारी नाही. चुरमुरे रात्री भिजवता येत नाहीत, हे आधीच सांगतो. पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, जरा उशीर झाला की गोळा. रात्री फक्त डाळं आणि दाण्याचं कूट (अर्धी-अर्धी वाटी) एकत्र करून ठेवा, मिरच्या चिरून ठेवा. सकाळी फोडणी, चुरमुरे, कूट, लिंबू; सात-आठ मिनिटांत ताटल्या भरतात.

आंबिलीची नोंद थोडक्यात. ३ मोठे चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात रात्री कालवायचं, सकाळी २ वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडून सहा मिनिटं शिजवायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होणारच. मेच्या उन्हाळ्यात ताकातलं पीठ फ्रीजमध्येच ठेवा.

अजून बसलेली नाही ती दुधातली दशमी. नुसत्या दुधात मळली की ज्वारीची दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, पण गूळ घातला की तव्यावर लवकर करपते आणि आतून कच्ची राहते. सध्या २ वाट्या पिठाला पाव वाटी गूळ कोमट दुधात विरघळवून, जाड तव्यावर मंद आचेवर भाजतो आहोत. गूळ अजून कमी करून बघायचा की तव्याची आच आधी सांभाळायची, हे ठरायचं आहे. कुणाची दशमी न करपता बसली असेल तर पीठ, दूध आणि गूळ यांची मापं कळवा.