असईचं रण सहा बाय चार फुटांच्या टेबलावर

वॉरगेम क्लबच्या दिवशी शिंदे आणि इंग्रजांमधली असईची लढाई टेबलावर मांडायची ठरली की सगळे आधी फिगर, म्हणजे छोटे सैनिक, मोजायला लागतात. पण २३ सप्टेंबर १८०३ चा तो दिवस केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीने घडवला. नद्या चुकल्या, तर पलटणी कितीही सुरेख रंगवलेल्या असोत, खेळ असईचा राहत नाही.

एक इंच म्हणजे ५० यार्ड धरा. टेबलाच्या दक्षिण कडेपासून चार इंचांवर केळणा, तिथून ३५ इंच वर असई गाव, गावाच्या पाठीला जुई. पूर्वेकडे दोन्ही नद्या जवळ येत जातात. पिंपळगाव-वरूडचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, तिकडेच. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली तिथून नदी ओलांडून आला, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन याने केळणेकडे तोंड करून उभे असलेले कंपू (अनेक पलटणींचे गट) वळवून केळणा ते असई अशी साधारण मैलभराची नवी फळी धरली. ती या ३५ इंचांत नीट बसते. बंदुकीचा पल्ला दोन इंच, तोफगोळ्याचा सोळा, छर्‍याचा सात.

फिगर १/७२ च्या घ्या, माणूस सुमारे २४ मिलिमीटर. दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात मिळणारे मावळे इथे घरांपेक्षा उंच दिसतील. पलटणीला ७५ बाय ४० मिलिमीटरचा एक बेस, त्यावर पाच-पाचच्या दोन रांगा. शिंद्यांकडचे कवायती पायदळ सुमारे १०,८००. बेसला ६०० माणसं धरली तर १८ बेस. समोर इंग्रजांच्या सहा पलटणी आणि पिकेट (पहार्‍याच्या तुकड्या) मिळून सात, घोडदळाचे चार.

बेसवरच्या मातीत बरेच जण फसतात. बेळगावजवळच्या खानापूरची तांबडी माती हाताशी असते, पण असई जालन्याच्या काळ्या रानात आहे. बैलहोंगलकडची काळी माती आणा, मात्र ती नुसती फेविकॉलवर लावू नका. ही माती ओली झाली की फुगते, वाळताना आकसते, आणि दुसर्‍या दिवशी बेसवर भेगा दिसतात. दोन भाग बारीक वाळूत एक भाग चाळलेली माती मिसळा, तव्यावर कोरडी भाजा, मग पातळ थर द्या. बेसच्या एमडीएफला खालूनही रंगाचा हात हवा. एकाच बाजूने पाणी शोषलं की तो वाकतो. आपल्या पावसाळ्यात स्प्रे वॉर्निश पांढरं पडतं, तेव्हा ब्रशच बरा.

आता नियम. कंपू वळवायला प्रत्येकी एक फासा: ३ किंवा जास्त आले तर वळला, नाहीतर पुढच्या फेरीला पुन्हा. हे फुकट देऊ नका, पोलमनची कवायत इथेच दिसते. गावातल्या तोफांना पूर्ण सोळा इंच द्या. पिकेट गावाच्या रोखाने भरकटले, इंग्रजांची ७४ वी पलटण त्यांच्यामागे गेली आणि तिथे कापली गेली. म्हणून पिकेटसाठी दर फेरीला फासा टाका. १ किंवा २ आले तर ते सरळ गावाकडे चालतील, खेळाडूची इच्छा असो वा नसो.

शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले आणि फळी पुढे गेल्यावर उठून पाठीमागून मारा करू लागले. त्यासाठी काबीज झालेल्या तोफेजवळ इंग्रजांचा एकही बेस थांबला नसेल, तर ५ किंवा ६ वर ती तोफ पुन्हा बोलते. ज्यांनी अशी तोफ चालवली, त्यांच्या फिगर टेबलावरून उचलू नका. तोफेशेजारी आडव्या ठेवा.