‘मला ओसीडी आहे’ म्हणणारा आणि न म्हणणारी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नवीन विद्यार्थी आले की मी त्यांना एक जुना दिवस हमखास सांगते, तोच इथे लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सकाळी एक तरुण आला, खुर्चीत बसता बसताच म्हणाला, मॅडम मला ओसीडी आहे, तुम्ही फक्त कन्फर्म करा. (ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, नकोसे विचार सारखे येत राहतात आणि ते शमवायला माणूस त्याच त्या कृती करत राहतो, असा मानसिक आजार.) पुस्तकं उंचीप्रमाणे लावतो, फोनवरचे आयकॉन रंगाप्रमाणे, कुठे काही तिरकं दिसलं की राहवत नाही. बोलता बोलता माझ्या टेबलावरचं पेनही सरळ केलं. म्हटलं, नाही केलं तर? म्हणाला, खटकतं जरा, मग विसरतो. काम, झोप, घरचे संबंध सगळं ठीक, उलट आवरून झालं की मस्त वाटतं. मी सांगितलं की ही तुमची टापटिपीची आवड आहे, आजार नाही. तो थोडा हिरमुसला. मला ते कळतं, नाव मिळालं की आपलं कोडं सुटल्यासारखं वाटतं माणसाला.

दुपारी एक बाई आली, बाळ काही महिन्यांचं, सोबत नवरा आणि सासूबाई. सासूबाई म्हणाल्या, ही बाळाला जवळच घेत नाही हो, सगळं माझ्यावर टाकते, मुळात स्वभावच कोरडा. नवरा म्हणाला, हिला बहुतेक मूल नकोच होतं. दोघांना बाहेर बसवलं. ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली, बोलेचना. शेवटी मी सरळच विचारलं, बाळाला आपल्या हातून काही होईल अशी भीती वाटते का? आणि ती जी रडायला लागली... सुऱ्या, कात्र्या कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या, बाळाची अंघोळ सोडलेली, रात्री उठून उठून त्याची छाती वरखाली होतेय ना ते दारातूनच बघायची, आत पाऊल टाकायची नाही, कारण आत गेले आणि मीच काही केलं तर? दिवसाचे कित्येक तास यातच. म्हणाली, मॅडम मी राक्षसीण आहे का?

हा ओसीडी होता, आणि चांगलाच तीव्र. पण तो तिच्या ध्यानीमनीही नव्हता, कारण तिने ऐकलेला ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारी आणि पेनं सरळ करणारी माणसं. याचा मला आजही राग येतो. आपण सवयींना आजाराची नावं सहज लावत सुटतो आणि ज्याला ते नाव खरंच हवंय त्याला ते आपलं वाटतच नाही.

डीएसएम-५ मधला, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करायला आम्ही वापरतो त्या अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या पुस्तकातला निकष तसा साधा आहे, विचार आणि कृती दिवसाचा तासाहून जास्त वेळ खातात, किंवा त्यांचा खूप त्रास होतो, किंवा त्यांच्यामुळे रोजचं आयुष्य अडतं. बाळंतपणानंतरचा सायकोसिस नाही ना हे आधी नीट तपासलं, कारण ती इमर्जन्सी असते, तिथे भ्रम असतात आणि ते त्या बाईला खरे वाटतात. हिला स्वतःच्या विचारांची किळस येत होती, म्हणून तर ती बाळापासून लांब पळत होती. असे नकोसे विचार नव्या आयांमध्ये खूप कॉमन आहेत, बहुतेकींचे येतात आणि जातात, हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा हात बाहेर काढले.

सवय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो ती रेघ शेवटी माणसंच ओढतात आणि ती चुकतेही. समलैंगिकता आजारांच्या यादीत होती, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने ती १९७३ मध्ये काढली, तोवर किती जणांनी ते लेबल भोगलं असेल. म्हणून मी लेबल लावताना फार घाबरून असते. पण या बाईला आधीच लेबलं लागलेली होती, कोरडी, मूल नको असलेली, आणि तिने स्वतःला लावलेलं तर सगळ्यात भयंकर. ओसीडी म्हटल्यावर ती सगळी गळून पडली.

तिच्या परवानगीने घरच्यांना आत बोलावून समजावलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, म्हणजे हिला बाळाची काळजी जास्तच आहे. म्हटलं, हो.

सायकिअॅट्रिस्टने गोळ्या सुरू केल्या आणि माझ्याकडे ईआरपी, म्हणजे भीती वाटते तीच गोष्ट पायरीपायरीने करायची आणि मन शांत करायला जे जे करतो ते करायचं नाही. पहिली पायरी होती बाळाला एकटीने घेऊन बसणं, बाकीचे दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला ते सासूबाईंनाच जास्त जड गेलं, कारण ‘काही होत नाही गं’ म्हणत धावत जायचं नाही असं त्यांच्याकडूनही कबूल करून घेतलं होतं.