घोडं पेंड कुठे खातं?

गाडी दारात येऊन वर्षही झालेलं नसतं. दारांच्या आतल्या बाजूचं प्लॅस्टिक कुणीतरी 'राहू दे अजून' म्हटल्यामुळे तसंच असतं. आणि मे महिन्यातल्या एका रविवारी, चिपळूणहून कऱ्हाडकडे येताना कुंभार्ली घाटात पुढे ट्रक, मागे हॉर्न, आत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या. उजवा पाय तळाला टेकतो, गाडी फक्त आवाज वाढवते. 'हिला पिकअप नाही,' हे वाक्य तिथे जन्माला येतं. घाट संपतो, वाक्य संपत नाही. मंगळवारपर्यंत शोरूमवाल्याचा फोन आलेला असतो : 'एक्सचेंजला चांगला भाव देऊ, टर्बो चालवून तर बघा.'

चालवून बघायला हरकत नाही. पण त्याआधी आपलं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते पाहिलेलं बरं.

आपल्याकडे घरोघरी असलेली क्रेटाच घेऊ. तिचं साधं १.५ लिटर पेट्रोल इंजिन ११५ पीएसचं, म्हणजे ११५ घोड्यांचं; टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ओढ, १४४ न्यूटन मीटर. त्याच मापाचं टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं इंजिन, १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर. कागदावरचा फरक पंचेचाळीस घोड्यांचा. पण साध्या इंजिनाचे ११५ घोडे ६,३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, येतात आणि टॉर्कचा कळस ४,५०० ला. टर्बोचा टॉर्क १,५०० लाच पूर्ण हजर असतो आणि ३,५०० पर्यंत हलत नाही. सगळी मेख या दोन वाक्यांत आहे. कारण आपण मराठी माणसं गाडी दोन हजारांच्या वर जाऊच देत नाही. अॅव्हरेज बिघडतो ना!

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. दोन हजारांवर साध्या इंजिनाचा टॉर्क सव्वाशे धरला, तरी हाती येतात जेमतेम पस्तीस घोडे. उरलेले ऐंशी तबेल्यात उभे. त्याच फेऱ्यांवर टर्बोचे बहात्तर घोडे धावत असतात. टर्बो चालवून उतरलेल्याच्या चेहऱ्यावरचं हसू असतं ते या दुपटीचं. पण साध्या इंजिनात चौथ्या गिअरमधून थेट दुसऱ्यात या. ताशी साठच्या वेगाला फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या आसपास जाईल आणि ऐंशी घोडे बाहेर पडतील. फुकट. इंजिन ओरडेल, शेजारच्या सीटवरून 'अहो, काय करताय' असा प्रश्न येईल, पण धोक्याची लाल रेघ त्याच्याही खूप वर असते. आठ-दहा सेकंदांच्या ओरडण्यानं इंजिनाचं काही बिघडत नाही. सीव्हीटीवाल्यांचं, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरवाल्यांचं, दुखणं वेगळं : पाय दाबला की काटा पाच हजारांवर चढून तिथेच अडकल्यासारखा गुरगुरतो, माणूस घाबरून पाय उचलतो, आणि ओढ लागायच्या क्षणीच ती सुटते. तिथे पाय उचलायचा नाही, एवढाच उपाय.

गिअर बदलूनही समाधान होत नसेल, तर टायरकडे बघा. ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर, दार उघडल्यावर दिसेल अशी, टायरमधल्या हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा तिच्यावर वेगळा असतो; तो बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. ३३ च्या जागी २६ असेल तर गाडी चिखलातून चालल्यासारखी वाटते. हवा थंड टायरमध्येच बघायची. तीस किलोमीटर पळवून पंपावर गेलात तर आकडा तीन-चारनं फुगलेला दिसतो आणि पंपावरचा मुलगा उलट हवा सोडतो. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा, उजेड दिसला नाही तर तो बदलायचा. छपरावर गणपतीत लावलेलं कॅरिअर दिवाळीलाही तिथेच असेल तर उतरवा. पाच माणसं आणि सामान मिळून पावणेचारशे किलो होतात. साडेबाराशे किलोच्या गाडीला हे तिच्या वजनाच्या तीस टक्के ओझं. यात तिचा काय दोष?

उंचीचाही हिशेब आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर. तिथली हवा कोकणपट्टीच्या मानानं बारा टक्के विरळ, म्हणजे साध्या इंजिनाला श्वासही तेवढाच कमी. पसरणी घाट चढता चढता ११५ मधले तेरा-चौदा घोडे उतरून पाचगणीत चहाला थांबतात. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याला ही उणीव फारशी जाणवत नाही. घाटमाथ्यावर घर असलेल्याला टर्बोचा मोह पडतो, तो उगाच नाही.

एक वाट मात्र धरू नये. अॅक्सिलरेटरच्या पेडलला जोडायची एक डबी मिळते. ती लावली की गाडी 'उडते' म्हणतात. ती फक्त पेडलला खोटं बोलायला शिकवते : तुम्ही तीस टक्के दाबलं की इंजिनाला सांगते साठ. ताकद एका घोड्यानंही वाढत नाही. इंजिनाच्या कम्प्युटरमधली मांडणी बदलून, म्हणजे रिमॅप करून, ताकद खरंच वाढते, पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. जवळजवळ नव्या गाडीवर हा प्रयोग म्हणजे हळद उतरायच्या आत भांडण.

आता पैशाचं बोलू. आकडे ढोबळ आहेत, समजण्यापुरते. गाडी एक्स-शोरूम १६ लाखांची. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के एकरकमी कर, म्हणजे १ लाख ९२ हजार. विमा, एक टक्का टीसीएस (विक्रेता आगाऊ कापून घेतो तो आयकर) आणि किरकोळ धरून रस्त्यावर येईपर्यंत पावणेएकोणीस. वर्षाच्या आत एक्सचेंजला नेली, शोरूमनं साडेतेरा लावले. भरलेला कर राज्यातल्या राज्यात विकताना परत मिळत नाही, तो गाडीबरोबर जातो; टीसीएस तेवढा विवरणपत्रात वळता होतो. समोरची टर्बो एक्स-शोरूम साडेएकोणीसची, पुन्हा १२ टक्के, पुन्हा विमा, एकूण पावणेतेवीस. वर टाकायचे सव्वानऊ लाख. त्यात मिळणार पंचेचाळीस घोडे. एक घोडा साडेवीस हजारांना पडला. पहिल्याच दिवशी टर्बो घेतली असती तर फरक होता चार लाखांचा, घोडा नऊ हजारांच्या आत. घोडे तेच, एका वर्षात भाव दुपटीच्या वर.

कर्ज असेल तर आणखी गंमत. चौदा लाख, नऊ टक्के, सात वर्षं : हप्ता साडेबावीस हजारांचा. बारा हप्त्यांत २ लाख ७० हजार भरून होतात आणि मुद्दल उतरतं फक्त दीड लाख. बँक अजून साडेबारा लाख मागत असते. साडेतेरातून ते वजा केले की हाती एक लाख. शिवाय ठरावीक दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा आकार बहुधा लागतोच. किती, ते करारपत्राच्या बारीक अक्षरांत. आणि आरसीवर 'एचपी' लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते घोडे नव्हेत, हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचं तारण. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ते उतरत नाही.

एवढं सगळं ऐकूनही मन मानत नसेल, तर शोरूममध्ये आधी फक्त 'गाडी विकायची आहे' म्हणावं. नव्या गाडीचा विषय काढू नये. एक्सचेंजचा भाव पन्नास हजारांनी वाढवून नव्या गाडीवरची रोख सूट तेवढीच कापणं, हा त्या टेबलावरचा जुना खेळ. दोन्ही आकडे वेगवेगळ्या कागदांवर लिहून घेतले की तो उघडा पडतो. तपासणीला येणारा माणूस रंगाची जाडी मोजणारं यंत्र दारांना लावतो. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. एका दारावर अडीचशे दिसले की तो मान हलवतो आणि भाव उतरतो. दुसरी किल्ली सापडत नसेल तर भाव आणखी उतरतो. घरातून निघण्याआधीच ती शोधा, बहुधा देवघराच्या खणात असते.

महिनाही बघावा. विम्याच्या तक्त्यात सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीच्या किमतीतली घट १५ टक्के, वर्ष उलटलं की २०. उलट विनादावा वर्ष पूर्ण झालं की पुढच्या विम्यात स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते आणि ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. अकराव्या महिन्यात विकणारा ती घालवून बसतो. वर्ष झाल्यावर विकणाऱ्यानं विमा कंपनीकडून रिटेन्शन लेटर, म्हणजे ही सूट राखून ठेवल्याचं पत्र, मागून घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मग बदलायची कुणी? महिन्यातून चार वेळा भरल्या गाडीनं दुपदरी घाट चढणाऱ्यानं जरूर विचार करावा, कारण तिथला फरक नुसत्या हौसेचा नाही. समजा ट्रक साठच्या वेगानं चालला आहे. त्याच्या मागून सुटून पुढे सुरक्षित शिरेपर्यंत आपल्याला चाळीस मीटर जास्त कापायचे आहेत. चढावर दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद वेग वाढवणाऱ्या गाडीला सव्वासात सेकंद लागतात, अडीचनं वाढवणारीला साडेपाचच्या जरा वर. समोरून साठनंच येणारी एसटी धरली तर पहिलीला पावणेतीनशेहून जास्त मीटर मोकळा रस्ता हवा, दुसरीला सव्वादोनशेच्या थोडा वर. कुंभार्लीत सव्वादोनशे दिसतात कधीमधी. पावणेतीनशे दिसण्यासाठी नशीब लागतं. एक्स्प्रेसवेवरून पुणे-मुंबई करणाऱ्याला मात्र या आकड्यांचा उपयोग नाही. तिथे शंभरची मर्यादा आहे, डोक्यावर कॅमेरे आहेत, आणि शंभरनं दोन्ही गाड्या सारख्याच पळतात.

टर्बोचेही नखरे असतात. तिच्यासोबत येणारा सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरडा असतो, तेलात बुडालेला नसतो. शनिवारी बोरघाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, तेव्हा अर्धवट घासत राहून तो तापतो आणि तशी सूचना डॅशबोर्डवर झळकते. पुढच्या गाडीला चिकटत दर दोन फुटांना सरकायचं नाही. जागा साठू द्यायची आणि एकदम लांबीभर पुढे जायचं. चढावर अॅक्सिलरेटरनं गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक लावायचा. डिझेलचा टॉर्कही २५० आहे आणि घाटात ते राजा, पण करात ते दोन टक्के महाग. आणि घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर त्याच्या धुराड्यातली काजळीची जाळी तुंबते. ती जळून साफ व्हायला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता लागतो, आणि तो कोथरूडमध्ये कुठून आणायचा?

खरेदी करायचीच असेल तर माझं मत दोन-तीन वर्षं वापरलेल्या टर्बोला. पहिली मोठी घट दुसऱ्या कुणीतरी सोसलेली असते. फक्त ऑइल वेळेवर बदलल्याच्या नोंदी बघाव्यात. टर्बोची बेअरिंग त्या तेलावरच जगतात. आणि चालवून बघायला शोरूमच्या तीन किलोमीटरच्या सपाट फेरीवर जाऊ नये. घरची चार माणसं बसवून, एसी लावून, कात्रजचा जुना घाट तरी चढवावा. चाळीसपासून ऐंशीला जायला किती सेकंद लागले, हे मागच्या सीटवरच्यानं मोबाइलवर मोजावं. मग तेच आपल्या गाडीत, तिसऱ्यात नव्हे, दुसऱ्यात.

गाडी गेलीच, तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांचे फोटो ठेवावेत आणि नाव बदललं की नाही ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आपणच बघावं. काचेवरचा फास्टॅग बंद करायला मात्र शंभरातले नव्वद जण विसरतात. मग एखाद्या सकाळी चहा पिताना मोबाइल वाजतो : खेड-शिवापूर, इतके रुपये वजा. आणि तासाभरात दुसरा संदेश येतो, आनेवाडीचा. मधला खंबाटकी तिनं कधीच पार केलेला असतो.