बास्पाच्या काठावरचे छितकुल

हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात सतलजच्या काठाने जाणारा महामार्ग करछम येथे सोडून बास्पा नदीच्या खोऱ्यात शिरले की रस्ता कड्याला बिलगून चढू लागतो. सांगला येथे खोरे रुंद होते, रकछम मागे पडते आणि सुमारे ३,४५० मीटर उंचीवर छितकुल येते. नकाशावर हे या खोऱ्यातले शेवटचे गाव आहे. पुढचा प्रदेश तिबेटच्या सीमेकडे जातो आणि तेथे सामान्य प्रवाशांच्या प्रवेशावर निर्बंध राहिले आहेत. त्यामुळे बहुतेक पर्यटक ‘शेवटचा ढाबा’ अशी पाटी पाहतात, तिच्यासमोर छायाचित्र काढतात आणि संध्याकाळच्या आत सांगल्याला परततात. छितकुलला मुक्काम करायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.

आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा गावात कापणीची धांदल होती. ज्या शांततेची आपण वर्णने ऐकतो ती येथे आहेच, पण ती कामात गढलेल्या माणसांची आहे. हिवाळ्यात बर्फामुळे गावाचा संपर्क तुटतो आणि अनेक कुटुंबे खाली उतरतात. म्हणून बटाटा, मटार, ओगला आणि फाफरा यांची सारी उस्तवार थोड्या महिन्यांत उरकावी लागते. ओगला आणि फाफरा हे दोन्ही कुट्टूचेच, म्हणजे बकव्हीटचे, प्रकार. ओगल्याची गुलाबी फुले पाहून पर्यटक थेट शेतात शिरतात, हे पाहून मला वाईट वाटले, कारण वर्षाला एकच पीक घेणाऱ्याच्या शेतातला तुडवलेला प्रत्येक ताटवा म्हणजे कोणाच्या तरी घरचे पीठ असते.

गावात सर्वांत जास्त वेळ मी धान्याच्या कोठारांपाशी रेंगाळलो. ही लाकडी कोठारे घरांपासून वेगळी, दगडांवर उचलून बांधलेली असतात, जेणेकरून ओल लागू नये आणि घराला आग लागलीच तर निदान दाणे वाचावेत. एका कोठाराचे दार हातभर उंचीचे होते; चौकटीवर कोरीवकाम होते आणि वर्षानुवर्षे हात लागून कडीभोवतीचे लाकूड काळे, गुळगुळीत झाले होते. जुन्या घरांच्या भिंतींत दगड आणि देवदाराच्या तुळया यांचे आलटून पालटून थर दिसतात. या काठकुणी बांधणीत चुना-सिमेंट नसते, त्यामुळे भूकंपाच्या हादऱ्यात भिंत थोडी हलते, पण सहसा कोसळत नाही. १९ जानेवारी १९७५ रोजी ज्या जिल्ह्याने मोठा भूकंप सोसला, तेथे या शहाणपणाचे मोल वेगळे सांगायला नको. आता पाटीच्या दगडांच्या छपरांची जागा पत्रे घेत आहेत. पत्रा स्वस्त आणि हलका असल्याने गावकऱ्यांना दोष देता येणार नाही, तरी जुनी छपरे उरली आहेत तोवर ती पाहून घ्यावीत.

गावाची देवता माथी देवी. तिच्या मंदिराच्या आवारात उभे राहिले की खाली बास्पा दिसते आणि पलीकडे हिमशिखरांची रांग. १९६२ नंतर तिबेटशी चालणारा व्यापार थांबला आणि लोकर, मीठ घेऊन येणारी वाट बंद झाली. त्याआधी हे गाव वाटेवरचे होते, टोकाचे नव्हते.

आम्ही उतरलो त्या घरी रात्री चुलीजवळ फाफऱ्याच्या पिठाचे धिरड्यासारखे चिल्टे आणि राजमा वाढला गेला. रिकाँग पिओ या जिल्ह्याच्या मुख्यालयाहून येथे बसनेही पोहोचता येते. जाणाऱ्यांनी उबदार कपडे आणि पुरेशी रोख रक्कम घ्यावी, उंचीची सवय व्हावी म्हणून आदली रात्र सांगल्यात काढावी, आणि पावसाळ्यात मात्र दरडी कोसळत असल्याने हा रस्ता टाळावा.