तुम्ही विचारलंत म्हणून: शूटिंगच्या आधी कॉमिक्सच्या दुकानात काय करता?

फिल्म दाखवून झाली की प्रेक्षकांतलं कोणीतरी विचारतंच, शॉट लावायला कोणाकडे शिकलात. मी जुन्या कॉमिक्सच्या दुकानाचं सांगते आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, तिथे नेमकं करता काय? तेव्हा घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

खरं तर ठरवून असं काही जात नाही मी. अप्पा बळवंत चौकात काही काम निघालं की वाट वाकडी करून जाते. छोटंसं दुकान, पुढे गाईडं आणि डिक्शनऱ्या, मागच्या रॅकवर कॉमिक्स, चांगली असतील ती प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि फाटकी सुतळीने बांधलेली. काका म्हणतात, "काय गं, नवीन काय चाललंय?" आणि फाटक्यांचा एक गठ्ठा पुढे सरकवतात, कारण मला तीच लागतात, ती उघडून बघता येतात ना.

परवा वेताळचा, म्हणजे फँटम नावाच्या मुखवटेवाल्या नायकाचा, एक मराठी अंक हाताला लागला, इंद्रजाल कॉमिक्सचा, मुखपृष्ठ गेलेलं. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, आमच्या घरात मोठ्या भावंडांनी त्यावर सुट्ट्या काढल्यात. वेताळ मुळात अमेरिकन पेपरात रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत यायचा, इथे त्याच पट्ट्या कापून-जुळवून पानावर बसवल्या जायच्या. त्यामुळे सलग वाचताना दर तीन-चार चौकटींनी गोष्ट जराशी थबकते, कोणीतरी दचकतं, पावलं वाजतात आणि मग पुढे सरकते, कारण पेपरवाल्याला वाचक उद्यापर्यंत धरून ठेवायचा असायचा. सीन कुठे सोडायचा हे मला एडिटिंग टेबलपेक्षा अशा पानांनी जास्त शिकवलं.

आणि दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी! एका चौकटीत माणूस होडीत पाय ठेवतोय, पुढच्या चौकटीत होडी रिकामी, किनाऱ्याला बांधलेली. मधला अख्खा प्रवास वाचणारा स्वतःच्या डोक्यात करतो आणि कोणाला काही चुकल्यासारखंही वाटत नाही. आमच्यासारख्या स्वतःच्या पैशाने फिल्म करणाऱ्यांसाठी हे सोनं आहे. माझ्या शॉर्टफिल्ममध्ये स्कूटरचा अपघात होता, स्टंटवाले परवडणारे नव्हते, तर मी आधी घरात गॅसवर उतू जाणारा चहा दाखवला आणि लगेच रस्त्यावर पडलेली एक चप्पल. थिएटरमध्ये लोकांनी श्वास रोखला, नंतर दोघांनी तर सांगितलं की स्कूटर आपटताना बघवलं नाही! ती मी दाखवलेलीच नाही.

अजून एक गोष्ट, पान उलटण्याची. चांगला चित्रकार धक्का कधी उजव्या पानावर मध्यावर ठेवत नाही, नजर आधीच तिकडे जाते, तो पान उलटल्यावर पहिल्या चौकटीत ठेवतो. मीही आता स्क्रिप्टमध्ये अशा जागांना पेन्सिलने खूण करते, कॅमेरामनला ती खूण कळते.

आपल्याकडे फिल्मवाल्यांच्या गप्पांत परदेशी डायरेक्टरांची नावं भराभर येतात, पण अमर चित्रकथेत कितीतरी अंक काढणारे राम वाईरकर किंवा आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक, ज्यांनी पुढे नागराज हा कॉमिक्समधला सुपरहिरोही काढला, यांचं नाव कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. गर्दीचा दरबार एका चौकटीत बसवायचा आणि तरी बघणाऱ्याची नजर नेमकी एकाच चेहऱ्यावर न्यायची, हे फ्रेमिंगच आहे, दुसरं काय? तेही ट्रॉली नाही, लाईट नाही, नुसत्या ब्रशवर.

तर दुकानात मी हेच करते. काउंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसते, बोलण्याचे फुगे कागदाच्या चिठ्ठ्यांनी झाकते आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळतेय का बघते. हल्ली नवीन असिस्टंटलाही सोबत नेते आणि तेच पान त्याच्यापुढे ठेवून विचारते, सांग काय चाललंय. जिथे तो अडकतो तिथे दोघं मिळून बघतो की कुठली चौकट कमी पडली, आणि गोष्ट कळली असेल तर कुठली एक काढून टाकली तरी चाललं असतं.